चंद्रीनं वैरण सोडली ते तीन दिवस

इथं लोक भुताखेतांचे अनुभव लिहितात ते मी वाचते आणि हसते. आमच्या ख्रिस्ती घरात असल्या गोष्टींना कधी थारा नव्हता, माझा तर मुळीच विश्वास नाही. पण हे मी माझ्या दोन्ही डोळ्यांनी पाहिलंय, त्याला काय करू...

आमची वस्ती शेवगावहून तिसगावला जाताना डाव्या हाताला. दोन खोल्या, मागं पत्र्याचा गोठा, गोठ्यात एकच म्हैस – चंद्री, घोडेगावच्या बाजारातून आणलेली. बांधापलीकडं धाकटे दीर, दाविदभाऊजी. चर्चमध्ये भाऊजी पेटी वाजवायचे आणि आमचे हे तबला. चार वर्षांपूर्वी नाताळच्या भजनात भाऊजी सगळ्यांदेखत म्हणाले, "दादा, तबला पळतोय." म्हणजे लय सोडून पुढं धावतोय. बस... तेव्हापासून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनात. आणि आता ईस्टर झाला की भाऊजी कायमचे पुण्याला मुलाकडं राहायला जाणार होते. असेच गेले असते तर थेट कुणाच्या तरी मयतीलाच भेटले असते.

म्हणून मी तीन दिवसांची उपास-प्रार्थना धरली. आमचा उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी नाही हं – नुसतं पाणी. आणि तो लोकांना दाखवायचा नाही, तोंड धुवून, डोक्याला तेल लावून हिंडायचं, असं शास्त्रात सांगितलंय. मी तेल लावलं, वर पावडरही लावली. हे म्हणाले, "कुनाचं लग्न हाय?"

प्रार्थना एकांतात, दार लावून करायची. घरात दिवसभर टीव्ही, मग मी गोठ्यात बसायचे. ऐकायला देव आणि चंद्री.

मंगळवारी सकाळी मी जेवण सोडलं आणि त्याच सकाळी चंद्रीनं वैरण सोडली. पाणी मात्र प्यायची... माझ्यासारखंच.

मी ह्यांना वाढायचे आणि "मी मागून जेवते" म्हणायचे. रोजचंच वाक्य, ह्यांना शंकासुद्धा आली नाही. पण म्हशीनं एक वेळची वैरण टाकली तर लगेच गुरांचा डॉक्टर. ताप नाही, पोट फुगलेलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावला, तर दूधही तेवढंच. डॉक्टर मला म्हणाला, "मावशी, म्हैस ठणठणीत हाय. तिला खायाचंच न्हाई."

गुरुवारी दुपारी हे गोठ्याच्या दारात येऊन उभे राहिले. "दाविदला जनावरातलं कळतं. तू जाऊन ये."

पाय दुखतोय असं मी म्हणणार होते, पण उपासात खोटं कसं बोलायचं? म्हणाले, "मी न्हाई जाणार. भाऊ तुमचा हाय."

हे गेले शेवटी... डाव्या पायात उजवी चप्पल घालून.

भाऊजी औषधाची बाटली घेऊन आले. "काय घातलं हुतं?"

"कडबा."

"भिजलेला असंल."

"मला शिकवू नको."

झालं. मला वाटलं, तीन दिवसांचा उपास पाण्यात गेला. भाऊजींनी बाटली खाली ठेवली, चंद्रीच्या गळ्याखाली खाजवायला लागले आणि सवयीनं गुणगुणायला लागले – तेच नाताळचं भजन. ह्यांची बोटं पालथ्या बादलीवर पडली. आणि तशीच पळायला लागली. भाऊजी थांबले. मी डोळे मिटून घेतले.

मग ह्यांचा आवाज आला, "पळतोय का रं?"

"थोडासा, दादा."

भाऊजींनी पुन्हा भजन धरलं, आणि लग्नापासून कधी झाले नव्हते ते हे सावकाश झाले. मी डोळे उघडले तर चंद्रीनं कडब्यात तोंड घातलेलं. औषधाच्या बाटलीचं बूचसुद्धा काढलेलं नव्हतं.

संध्याकाळी भाऊजी आमच्याकडंच जेवले. मीही त्यांच्याबरोबर बसले, चार भाकरी खाल्ल्या. हे म्हणाले, "आज लई भूक लागली तुला?"

ईस्टरला पेटी-तबला एकत्र वाजले. भाऊजी पुण्याला गेले, आता रोज फोन करतात. "म्हैस खाती का?" "खाती." मग अर्धा तास बोलत बसतात.

डॉक्टर म्हणतो, कडबा कुबट असेल. पण तोच कडबा तिनं नंतर खाल्ला. भाऊजी म्हणतात, हाताचा गुण. देवानं माझं ऐकलं, ते मी समजू शकते. पण चंद्रीला कुणी सांगितलं होतं उपास धरायला? पुष्कळ विचार केला, उलगडा काही झाला नाही.

आणि ह्यांना तर अजून वाटतं, ते तीन दिवस घरात उपाशी फक्त म्हैस होती.