कमरेचा दोर
माझी आत्या सातवी नापास आणि मुलखाची हट्टी. तिची शिडाची बोट चांगली पन्नास फुटी, आणि ती चालवायला माणसं दोन: आत्या आणि आतोबा. चाळीस वर्षं दोघांनीच पर्यटक फिरवले. गेल्या वर्षी आतोबांचा उजवा खांदा कामातून गेला आणि बंदराच्या नव्या साहेबांना कंठ फुटला.

"एवढ्या बोटीला चार माणसं हवीत. नाहीतर दोघांनी वाऱ्यात धक्क्याला लावून दाखवा. नाही जमलं तर परवाना रद्द."

चार माणसं ठेवायची तर बोट विकणंच आलं. बोटीविना आत्या कशी जगेल, हा विचारही मला नको वाटायचा.

परीक्षेच्या दिवशी वारा नेमका धक्क्यावरून समुद्राकडे सुटलेला. बोट जवळ आणावी आणि त्याने ती परत ढकलावी. वर फुकट सल्ला देणाऱ्यांची ही गर्दी! शिडं उतरवून आत्या इंजिनावर आत आली, तोच एक धट्टाकट्टा ओरडला, "पुढचा दोर टाका, आम्ही ओढतो!"

"हात लावलास तर याद राख!" सुकाणूवरून आत्या गरजली.

बरोबरच होतं तिचं. हौशी लोक पुढून ओढतात, मग नाक धक्क्यावर आपटतं आणि मागची बाजू वाऱ्यावर जाते. जोर लावणारेच बोटी फोडतात, हे मी किती वेळा पाहिलंय! आत्याचा दोर एकच, बोटीच्या ऐन कमरेला बांधलेला. आतोबांनी जागचं न हलता, डाव्या हातातल्या बांबूने त्याचा फास धक्क्यावरच्या मागच्या खुंट्याला अडकवला. कोणी उडी मारली नाही, कोणी धावलं नाही. आत्याने इंजिन अगदी हळू पुढे चालू ठेवलं आणि बोट धक्क्यापासून दूर न्यायची असावी तसं सुकाणू वळवलं. दोर ताणला. आणि ते अख्खं धूड निमूटपणे आडवं सरकत धक्क्याला येऊन टेकलं. वारा बसला बोंबलत. बोट तशीच दाबून धरून दोघांनी बाकीचे दोर सावकाश बांधले.

मी टाळ्या वाजवून हात लाल करून घेतले. धट्टाकट्टाही वाजवत होता, बिचारा.

"मानलं बाई तुम्हाला," म्हणत साहेब परवान्यावर लिहू लागले, "खलाशी, दोन."

"खोटं कशाला लिहिताय?" आत्या म्हणाली. "यांचा एक हात चालत नाही. दीड लिहा."

साहेबांनी दोनच लिहून शिक्का मारला, आणि आतोबा हसता हसता रडायला लागले.