अहो, मिक्सर लावू का?

वडील गेल्यावर आठ महिन्यांनी मी त्यांना गप्प केलं.

त्यांची एक इलेक्ट्रिक गिटार होती. जपानी बनावटीची, तारनाक्याच्या एका मित्राकडून स्वस्तात घेतलेली. माझ्याहून वयाने मोठी आणि (आईच्या मते) जास्त लाडकी! खोड एकच. घरात मिक्सर लागला की गिटारच्या स्पीकरमधून घर्रर्र! म्हणून चटणी वाटण्याआधी आई स्वयंपाकघरातून परवानगी मागायची, "अहो, मिक्सर लावू का?"

"थांब गं, अंतरा चाललाय!"

तीस वर्षं आमच्याकडे इडली आधी आणि चटणी अंतऱ्यानंतर!

बाबा गेले. आई मिक्सरपाशी जायची, विचारायला तोंड उघडायची आणि मिटायची. मला ते बघवेना. म्हटलं, बाबांच्या वाढदिवसाला त्यांचं आवडतं गाणं त्यांच्याच गिटारवर तिला ऐकवू. पण मी पडलो सॉफ्टवेअरवाला. जुनं काही दिसलं की अपग्रेड केल्याशिवाय हात स्वस्थ बसत नाहीत! आधी तारा ताणायच्या खुंट्या बदलल्या. मग बटणं. मग हिमायतनगरच्या दुरुस्तीवाल्या भाईंना सांगितलं, "भाई, ये घर्र-घर्र बिल्कुल नक्को."

"फिकर नक्को करो साब, पिकअपइच बदल देतूं." (पिकअप म्हणजे तारांखाली बसून त्यांचा आवाज उचलणारा भाग. मिक्सरचाही तोच उचलायचा.)

वाढदिवसाला आईला समोर बसवून गाणं वाजवलं. एकदम स्वच्छ! मी फुशारून म्हणालो, "आई, आता खुशाल मिक्सर लाव!"

तिने लावला. स्पीकर ढिम्म. तिने वेग वाढवला. बंद करून पुन्हा लावला. भांड्यात खोबऱ्याचा तुकडासुद्धा नव्हता! मग डोळ्याला पदर लावून म्हणाली, "तू गिटार काढलीस तेव्हा वाटलं, परत एकदा घर्र ऐकू येईल. आता कोण ओरडणार रे माझ्यावर?"

मी तसाच हिमायतनगरला पळालो. "भाई, वो पुराने पिकअप?"

"कचरे में फेंक दिया साब. आपइच बोले ना, घर्र-घर्र नक्को!"

मला रडू आलं. भाईंना वाटलं, नवे पिकअप बिघडले.

हल्ली आई मिक्सर लावते तेव्हा मी गिटार मांडीवर घेऊन तोंडाने घर्रर्र करतो. महिनाभर तिने ऐकून घेतलं. काल मिक्सर बंद करून बाहेर आली.

"राहू दे बाळा," म्हणाली, "ह्यांची घर्र सुरात होती."