मुखपृष्ठावरची सुमन

माझ्या टेबलावर आमच्या आंतरराष्ट्रीय समाजविकास संस्थेचे दोन वार्षिक प्रगती अहवाल आहेत, एक अगदी पहिला, एक यंदाचा. दोन्हींवर हातपंपाशी हसणारी लहानगी सुमन. मजकूर बदलतो, फोटो दरवर्षी तोच. आळस आमचा, दुसरं काय! एरवी अहवाल टपालानं जातो; परवा पहिल्यांदाच तो द्यायला स्वतः तिच्या गावी गेलो. तिची आई म्हणाली, "फोटो काढला त्याच उन्हाळ्यात तापानं गेली हो ती, साहेब."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं मात्र मुखपृष्ठावरून हात फिरवला. "दर साली बघते मी. यंदा उंच झाली पोर."

आईची माया, असं स्वतःला समजावत परतलो. आता दोन्ही अहवाल शेजारी ठेवलेत. जुन्यात पंपाचा दांडा सुमनच्या खांद्याला लागतो. यंदाच्यात कमरेला.