जॉर्जियाला जायच्या आधीचे कॉमा

प्रूफ वाचणाऱ्यांच्या टेबलावर किस्से पेन्सिलीच्या सालींसारखे साठतात. मुद्दाम कोणी जमवत नाही, पण ड्रॉवर ओढला की सांडतात. मला रोज वही लिहायची सवय आहे, त्यामुळे माझ्याकडे ते तारीखवार सांडतात एवढंच. हे सगळे गेल्या दीड वर्षातले. तेव्हा यातल्या निम्म्या गोष्टींचं हसू येत नव्हतं. आता तिकिटं निघालीत, बीपी जागेवर आलंय, म्हणून सांगते.

अंधेरीला एमआयडीसीत आमचा छापखाना आहे. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला तो बारीक अक्षरांचा कागद असतो ना, जो कोणीच वाचत नाही, तो आम्ही वाचतो. मी आणि सुनंदा, समोरासमोर, बावीस वर्षं. एकीने मोठ्याने वाचायचं, दुसरीने मूळ प्रतीवर बोट फिरवायचं. तासाने पाळी बदलायची. कॉमा, फुलस्टॉप, कंस, सगळं तोंडाने म्हणायचं. मी गोवंडीत वाढले, लग्नानंतर कांजूरमार्गला आले. सुनंदा मालवणची, राहते वाकोल्याला. पण वाचायची चाल दोघींची एकच. चाल बदलली की चुका निसटतात.

* * *

माझं लग्न अडतिसाव्या वर्षी झालं. मिलिंद तेव्हा अठ्ठेचाळीसचा. मूल हवं होतं, दोघांनाही, पहिल्या दिवसापासून. मुलुंडच्या डॉक्टरीणबाईंकडे तीनदा उपचार झाले, तीनदा फसले. शेवटी त्यांनी सरळ सांगितलं की माझ्या अंड्यांच्या भरवशावर आता काही होणार नाही. दुसऱ्या बाईचं, म्हणजे डोनरचं अंडं घेतलं तर आशा आहे. पण तोवर मिलिंदने पंचावन्न ओलांडलं होतं, आणि आपल्याकडे कायद्याने नवऱ्याच्या वयाला तिथे रेघ आहे. बाहेरच्या देशात बघा, म्हणाल्या. जॉर्जियातल्या एका हॉस्पिटलचा पत्ता मिळाला. मी तेव्हा सेहेचाळीसची.

आठवडाभर मी हे कोणाला सांगितलं नाही. एका सोमवारी सुनंदा वाचत होती, गरोदर स्त्रियांनी हे औषध घेऊ नये, त्या अर्थाची ती नेहमीची ओळ. आम्ही दोघींनी ती हजारदा तरी वाचली असेल. त्या दिवशी माझं बोट तिथेच थांबलं. मी म्हटलं, "सुनंदा, आम्ही बाहेरदेशी जायचं म्हणतोय. दुसरीचं अंडं घेऊन मूल होतं का बघायला."

तिने कागदावरून मान वर केली नाही. फक्त विचारलं, "हे कॉमा की फुलस्टॉप?"

"कॉमा."

"मग पुढे बोल."

* * *

पुढे आम्ही रोज जेवणाच्या सुट्टीत बोलायला लागलो. इथली अंडी चालणार नाहीत, तिकडची ताजी मिळतात, एका वेळी आठ-दहा तरी लागतात, फ्रोझन घ्यायची की नाही. आमच्या मागच्या टेबलावर बाइंडिंगचा सलीमभाई डबा खायचा. पंधरा दिवस तो गप्प राहून ऐकत होता. सोळाव्या दिवशी उठून आला आणि सुनंदाला हळूच म्हणाला, "ताई, धंदा सुरू केलाय तर आपल्या माणसांना सांगायचं ना. होम डिलिव्हरी करता का?"

"नाही," सुनंदा म्हणाली, "डिलिव्हरी हॉस्पिटलातच."

* * *

रजेचा अर्ज करायचा होता. पहिल्या तपासणीला आठ दिवस, नंतर पुन्हा पंधरा. आमच्या विभागाचे प्रमुख पाटणकर सर. त्यांच्याकडे साधी चिठ्ठी गेली तरी लाल पेनाने सुधारून परत येते. मी कारण लिहिलं, 'वैद्यकीय'. अर्ज परत आला. समासात लाल अक्षरं: 'कोणाचे? कसले? संदिग्ध.'

मग मी केबिनमध्ये जाऊन दार लावलं आणि सगळं सांगितलं. सर ऐकत होते आणि टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. मला वाटलं, आता वयाचं काहीतरी बोलतील. त्यांनी अर्ज ओढला, 'वैद्यकीय' खोडलं आणि वर लिहिलं, 'सहल'.

"सर, हे खोटं होईल."

"वैद्यकीय म्हटलं की ऑफिसभर चौकशी. सहल म्हटलं की फक्त येताना काहीतरी गोड आणावं लागतं," ते म्हणाले. मग अर्ज माझ्याकडे सरकवत, "आणलंत तर आम्हाला आनंदच होईल."

कशाबद्दल बोलले ते मी विचारलं नाही.

* * *

हॉस्पिटलने फॉर्म पाठवला. डोनर शोधायची म्हणून त्यात माझी माहिती: उंची, केस, डोळे, त्वचेचा रंग. रंगाच्या खाली अकरा चौकोन, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत. एकावर खूण करायची. घरी मी आणि मिलिंद फॉर्म घेऊन बसलो. मी चौथ्या चौकोनावर पेन्सिल टेकवली.

मिलिंद म्हणाला, "सात."

"लग्नाच्या बायोडेटात आमच्या घरच्यांनी 'गोरी' लिहिलेलं, फुलस्टॉप." मला बोलतानाही ही सवय आहे, घरात सगळे हसतात.

"ते लग्नासाठी होतं. हे खरं भरायचं आहे."

दुसऱ्या दिवशी फॉर्म ऑफिसात नेला. सुनंदाने इंकरूममधून तावडेकाकांना बोलावलं. तीस वर्षं शाई कालवणारा माणूस. ते शेडकार्ड घेऊन आले, माझं मनगट खिडकीजवळ उजेडात धरलं आणि एकेक पट्टी लावून बघायला लागले. पाच मिनिटं बघितलं. मग कार्ड मिटून सुनंदाला म्हणाले, "हा शेड तयार मिळत नाही. मिक्स करावा लागतो."

सुनंदा हसून हसून लाल झाली. मीही हसले. पण त्या रात्री वहीत एकच ओळ लिहिली आहे: 'रंग जुळेल, उंची जुळेल, पण त्या मुलात माझं काय असेल?' त्याच्यापुढे मी वर्षभर काही लिहू शकले नव्हते.

* * *

सासूबाईंना सांगणं हे मला सगळ्यात अवघड वाटत होतं. त्या अकोल्याकडच्या, ऐंशीच्या घरातल्या, कानाने कमी. मिलिंद म्हणाला, मी सांगतो. रविवारी जेवताना त्याने मोठ्या आवाजात सुरुवात केली, "आई, आम्ही जॉर्जियाला जातोय. डोनर मिळालीय."

त्यांनी घास खाली ठेवला. "डोनेशन? काऊन रे, पोराचा पत्ता नाही अन् शाळेचं डोनेशन आतापासून? या मुंबईनं तर हद्द केली."

मिलिंदने माझ्याकडे बघितलं आणि पाणी प्यायला लागला. म्हणजे उरलेलं मीच सांगायचं. मी उठून त्यांच्या कानाशी बसले. अंडं दुसऱ्या बाईचं असेल, तिचं नाव आपल्याला कळणार नाही, बाकी सगळं माझ्या पोटात होईल. तुमची हरकत असेल तर सांगा, म्हटलं. माझे हात भाताचे होते, ते तसेच वाळले.

त्यांनी पदराने तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "नऊ महिने पोटात कोन वागवन?"

"मी."

"रात्री उठून दूध कोन पाजन?"

"मीच."

"मंग मले काय विचारतं? भात घे अजून."

मी भात घेतला. इतका भात त्याआधी कधी खाल्ला होता ते वहीत शोधूनही सापडलं नाही.

* * *

सगळं ठरत आलं होतं तेव्हा बीपी वर गेलं. मुलुंडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात गर्भ राहणार तर आधी हे खाली आणायचं, नाहीतर मी फिटनेसचा कागद देणार नाही. त्या रागावल्या नव्हत्या, पण मी घाबरले. वहीत मी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, 'जायचं.' त्या दिवशी त्याच्यावर एक सरळ रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी वही टेबलावर उघडी राहिली. मी हात धुऊन परत आले तर सुनंदा समोर बसून पेन्सिलीला टोक करत होती, उगाचच. वहीत 'जायचं'वर माझी रेघ होती आणि त्याच्याखाली सुनंदाची चार टिंबं.

प्रूफात खोडलेला शब्द हवाच असेल तर त्याच्याखाली अशी टिंबं देतात. अर्थ, राहू द्या. समासात तिने नियमाप्रमाणे शंकाही लिहिली होती: 'लेखिकेला विचारणे.'

"माझी वही का वाचलीस?" मी विचारलं.

"उघडा कागद दिसला की मी वाचते. पगारच त्याचा मिळतो."

टिंबं मी खोडली नाहीत. दोन महिने गोळी घेतली, पापड-लोणचं बंद केलं, संध्याकाळी सुनंदाबरोबर दोन स्टॉप चालत गेले. ती वाटेत तळलेलं काही खायची नाही, आणि मालवणच्या बाईसाठी हा लहान त्याग नाही. बीपी उतरलं. डॉक्टरीणबाईंनी कागद दिला, त्यात स्पेलिंगची एक चूक होती. मी ती दुरुस्त न करता तशीच घरी आणली. आयुष्यात पहिल्यांदा.

* * *

शेवटचा अडसर राहिला होता समुपदेशनाचा. सही करायच्या आधी जॉर्जियाच्या हॉस्पिटलच्या इथल्या समुपदेशक बाईंशी बोलावं लागतं. त्या घाटकोपरच्या, मराठी, आवाजावरून तरुण वाटत होत्या. जेवणाच्या सुट्टीत फोन आला. मी तो स्पीकरवर टाकून टेबलाच्या मध्ये ठेवला, कारण सुनंदाला बाहेर जायला सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

बाई नीट विचारत होत्या. मिलिंदचं काय मत, घरी कोण कोण, पैशाची सोय, मुलाला कधी सांगणार. मी सगळी उत्तरं दिली. नादात दोनदा 'फुलस्टॉप' म्हणून गेले. मग त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला. "वैशालीताई, मूल तुमच्यासारखं नसेल. लोक बोलतील, कधीतरी तुम्हालाही वाटेल. त्याचं काय करणार?"

या प्रश्नाचं उत्तर मी आदल्या दिवशी वहीत लिहून ठेवलं होतं. वर्षाने पहिल्यांदा. वही समोरच होती. मी ओळीवर बोट ठेवलं, तोंड उघडलं. आवाजच फुटेना.

"हॅलो? आहात ना?"

सुनंदाने वही आपल्याकडे ओढली आणि बावीस वर्षं जे करत आली तेच केलं. मोठ्याने वाचायला लागली. "मला भीती वाटते कॉमा की मोठं झाल्यावर ते आरशात बघेल आणि मी त्याला तिथे सापडणार नाही फुलस्टॉप. पण मी कोणासारखी दिसते कॉमा हे मला तरी कुठे माहीत आहे फुलस्टॉप. त्याने मला शोधलं तर मी घरातच असेन कॉमा त्याने हाक मारली तर ओ देईन फुलस्टॉप. एवढं मला जमेल फुलस्टॉप."

मग बाई म्हणाल्या, "फार छान सांगितलंत, वैशालीताई."

"मी सुनंदा," सुनंदा म्हणाली. "वैशाली समोर बसलीय. ती नाक पुसतेय."

"म्हणजे... मघापासून तुम्ही बोलत होतात?"

"नाही, आताच, तिच्या वहीतलं वाचलं. आधी तीच होती."

"पण आवाज तोच आहे. ते कॉमा, फुलस्टॉपसुद्धा. तुम्ही बहीण का त्यांची?"

"नाही हो. मी मालवणची, ती गोवंडीची. आम्ही बावीस वर्षं समोरासमोर बसतो."

पलीकडून कीबोर्डचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला. "मग शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी लिहून घेतलंय," बाई म्हणाल्या. "फाइल पुढे पाठवते."

तोवर माझं नाक पुसून झालं होतं. मी फोनजवळ वाकून विचारलं, "काय लिहिलंत, मॅडम?"

"एक मिनिट," त्या म्हणाल्या. "हे आता कोण बोलतंय?"