त्रेचाळीसातून सतरा

भोरच्या शाळेतल्या आमच्या गणिताच्या बाई मुलांची चुकलेली उत्तरं जपून ठेवत. बरोबर आलेले पेपर वाटून टाकत. चुकलेले पत्र्याच्या ट्रंकेत जात. मी तिथं नवी शिक्षिका, त्यांच्याच खोलीत राहणारी. एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, "बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच असतं गं. चूक ज्याची त्याची असते."

चाळिशीत त्यांनी एम.एड.ला नाव घातलं. विषय होता, गणित शिकवणाऱ्यांना कसं तयार करावं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की त्या एस.टी.नं कापूरहोळला जात आणि तिथून पुण्याची गाडी धरत. वाट बघताना मुलांचे चुकलेले पेपर वाचत बसायच्या. त्या नादात दोनदा गाडी समोरून निघून गेली.

एका संध्याकाळी त्यांनी सगळे पेपर जमिनीवर मांडले. त्रेचाळीसातून सतरा वजा केले की सव्वीस उरतात. पण वर्षानुवर्षं कितीतरी मुलांनी चौतीस लिहिलं होतं. बाई म्हणाल्या, "पहिल्यापासून मीच सांगत आले, लहानातून मोठा जात नाही, मोठ्यातून लहान काढा. तिनातून सात जात नाहीत म्हणून यांनी सातातून तीन काढले. पोरांनी माझंच ऐकलं." थोड्या वेळानं म्हणाल्या, "सखारामला मी याच गणितावरून पट्टीनं मारलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही."

सखाराम पासलीचा, मामाकडे राहून शिकणारा. पुढच्याच सुट्टीत आम्ही निघालो. वेल्ह्यापर्यंत ट्रक मिळाला, पुढं पायपीट. सखाराम आता मिशा फुटलेला गडी झाला होता, शेरडं राखत होता. बाईंना पाहून तो उभाच राहिला.

"सखाराम, चूक माझी होती. मार तू खाल्लास," बाई म्हणाल्या.

त्याची आई म्हणाली, "येवढं सांगाया चालत आलासा व्हय?"

बाईंनी त्याला विचारलं, "त्रेचाळीस शेरडांतली सतरा विकली, तर किती उरली?"

"सव्वीस."

"कसं केलंस?"

"दोन इसा आन तीन हुती. त्यातली येक ईस काढली. सतराच द्यायची, म्हंजी तीन जास्त गेली. ती माघारी घेतली."

बाईंनी ते शब्दन् शब्द वहीत उतरवून घेतलं.

प्रबंधात त्यांनी दोन्ही लिहिलं, त्याची रीत आणि स्वतःचं चुकीचं वाक्य. मार्गदर्शकांनी समजावलं, "स्वतःवर कशाला घेता? 'एक शिक्षिका' म्हणा." बाई ऐकेनात. प्रबंध एकदा परत आला. त्यांनी आणखी वर्षभर गावोगाव मुलं तपासली, पुरावे वाढवले, पण 'मी' बदलला नाही. तोंडी परीक्षेत त्यावरच प्रश्न झाले, तेव्हाही त्या शांतपणे म्हणाल्या, "त्या शिक्षिकेला माझ्याइतकं चांगलं कुणीच ओळखत नाही."

पदवी मिळाली. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून बोलावणं आलं. भोर सोडण्याआधी बाई मला घेऊन पुन्हा पासलीला गेल्या. अंगणात बसून त्यांनी सखारामला त्याच्याबद्दलचं पान वाचून दाखवलं. त्यानं मान खाली घालून ऐकलं. तो काडीनं माती उकरत राहिला.

मग म्हणाला, "बाई, कागदावरची वजाबाकी मला आजून येत न्हाई. शिकिवता?"

बाईंनी पदर खोचला आणि त्याच्याच हातातली काडी घेऊन मातीत त्रेचाळीस लिहिले.