पाच किलो मटार

मटारची शेंग ती माझ्या कानाशी धरायची आणि मोडायची. टक्. "सुणो भाभीजी, आज की है." आवाज मऊ आला तर ती शेंग स्वतःच टोपलीबाहेर टाकायची.

बँकेच्या बदलीने आम्ही इकडे उत्तरेत, जगतपुऱ्यात आलो तेव्हापासून दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी आठला ही भाजीवाली फाटकाशी हजर. मी पुढच्या वेळची यादी वाचायचे, ती ऐकायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण एकही भाजी चुकत नसे. एकदा मीच मेथी दोनदा लिहिली. "भाभीजी, आपका कागज भूल जाता है," म्हणून महिनाभर चिडवत होती.

तुमच्याही दाराशी अशी कोणीतरी येत असेल. टोपलीत काय आहे ते आपण पाहतो, काय नाही ते पाहत नाही. माझ्या यादीत मात्र ते सगळं होतं. दिवाळीनंतर गाजरं आली नाहीत. मग पालक नाही. मी नुसत्या फुल्या मारत गेले.

शेवटी विचारलं. शेतात जायच्या वाटेवरून तिच्या गावात दोन घरांमध्ये लाठ्या चालल्या होत्या. तिच्या दिराचा पाय मोडला. भाजी नेणाऱ्या टेम्पोच्या काचा फोडल्या, तो यायचा बंद झाला. तोडणीला बायका मिळेनात. विहिरीपलीकडे त्यांचा मटार उभा होता, पण तिकडे जायची कोणाची छाती नव्हती.

"और पुलिस?"

"आती है, चली जाती है. हम तो वहीं रहते हैं ना."

मी ऐकलं. म्हणजे, कानांनी ऐकलं. कारण जानेवारीत, इथे सगळ्या घरांत मटार सोलून फ्रीजरमध्ये भरतात तसा भरायचा म्हणून, मी सवयीने वाचलं, "मटर पाँच किलो. सोमवार को पक्का."

तिने टोपली उचलून डोक्यावर घेतली. "ले आऊँगी."

सोमवारी ती दहाला आली. डावा हात ओढणीने गळ्यात बांधलेला. टोपलीत मटार, फक्त मटार.

"ये क्या हुआ?"

"पत्थर लगा. तोल लो."

"अरे, गई क्यों? मैं बाजार से ले लेती!"

"आपने लिखा था ना."

एका हाताने शेंग मोडता येईना. तिने ती माझ्यापुढे धरली. मी घेतली आणि तिच्या कानाशी मोडली. टक्. ती हसली, मग तोंड फिरवून डोळे पुसले.

गुरुवारी ती आली नाही. त्याच गावाकडून येणारा दूधवाला म्हणाला, घराला कुलूप आहे, सगळे तिच्या माहेरी गेले. मटार उभ्या उभ्या वाळला.

आता भाजी मी मालवीय नगरच्या बाजारातून आणते. तरी सोमवारी आठला पाय फाटकाकडे वळतातच. यादी तेवढी आत ठेवून जाते.