कानात सांगितलेलं नाव

आधीच सांगून टाकते, या सदरात लिहिणाऱ्यांतली मी नाही. इथले अनुभव मी दुपारी भाजी निवडताना वाचते आणि बहुतेक वेळा मनात म्हणते, बाईंच्या अंगात ताप असेल. आमचं घर उपदेशकाचं. भूत, हडळ, करणी... हे शब्दसुद्धा घरात चालत नसत. शिवाय स्वभावाने मी पहिल्यापासून कोरडीच. चिंचेखाली बाई दिसली असं कुणी म्हणालं, की मी विचारायचे, तुम्ही जेवला काय होतात? तेव्हा खालचं वाचून तुम्हाला पटलं नाही तर मला राग येणार नाही. मलाही ते अजून पटलेलं नाही.

गोष्ट वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता तेव्हाची. मूर्तिजापूरच्या बाहेर मिशनचं एक मुलांचं होम होतं. कौलारू इमारत, पुढे कडुनिंब, मागे थेट कापसाची काळी रानं. मी तिथे मुलांना शिकवायचे. हे उपदेशक, त्यामुळे आठवडाभर खेड्यापाड्यांतून हिंडायचे आणि शनिवारी घरी यायचे.

त्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत अकोल्याला मला मुलगी झाली. आठवडाभरही जगली नाही. बाप्तिस्मा व्हायचा राहून गेला. हे बाहेर सुताराशी पेटीचं बोलत होते तेव्हा खोलीत मी आणि ती, दोघीच होतो. मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि तिला तिचं नाव सांगितलं — कौतिका. ती पोटात असल्यापासून मी मनातल्या मनात तिला तेच म्हणत आले होते. बोलले मात्र कुणाजवळ नव्हते. आमच्या मंडळीत मार्था, मेरी अशी नावं ठेवायची रीत. उपदेशकाच्या बायकोनेच खेड्यातलं जुनं नाव काढलं असतं तर चार तोंडं वाकडी झाली असती. म्हणून यांनासुद्धा सांगितलं नव्हतं. ते नाव मी तोंडाने एकदाच उच्चारलं, तेही तिच्या कानात, आणि तेव्हा ती ऐकायला नव्हती.

मूर्तिजापूरला परतले आणि ओल्या अंगानेच वर्गावर जाऊ लागले. रडू आलं नाही. लोकांना वाटलं, बाई मोठी धीराची. धीर वगैरे काही नव्हता. भाकरीची चव लागायची नाही, तव्याचा चटका बसला तर जरा वेळाने कळायचं, एवढंच. अंगावरचं दूध तेवढं काही केल्या समजून घेईना. कापडाने छाती करकचून बांधायची आणि मुलांचे पाढे घ्यायचे, असे दिवस चालले होते.

त्यानंतर पंधरवड्यात परदेशातल्या एका चर्चचे चौघे जण होममध्ये मदतीला आले. पगार नाही, पाणी नाही; हौसेने आले होते आणि थंडी संपेपर्यंत राहणार होते. येताना पेटीभर लोकरीच्या टोप्या विणून आणल्या होत्या... वऱ्हाडात! मुलांनी त्यांत बोरं भरून ठेवली. त्या चौघांत मिस एडिथ सगळ्यांत लहान. दिवसभर मुलांना आंघोळी घालायची, केस विंचरायची. मराठी म्हणाल तर ‘पानी’, ‘बस’ आणि ‘टुमी’. ‘त’ तिच्या जिभेवर कधी बसलाच नाही. पोरं तिला ‘ताट’ म्हणायला लावायची आणि ती ‘टाट’ म्हणाली की गडाबडा लोळायची.

त्याच आठवड्यात पातूरकडचा एक मजूर तान्ही मुलगी आणून आमच्या दारात ठेवून गेला. बायको वेचणीवर आलेली, बाळंतपणात गेली. पोरीला बकरीचं दूध पाजून बघितलं, गाईच्या दुधात पाणी घालून बघितलं. बोंडल्याने पाजलं की ती तेवढंच बाहेर काढायची. चौथ्या दिवशी तिचं रडणंही बारीक झालं.

होमचा स्वयंपाक आणि तान्ही मुलं सोनामावशी बघायची. ती भर वर्गात माझ्याकडे आली.

“पोरी, तुह्या आंगावर दूध हाय. लेकरू उपाशी मरून राह्यलं. घे तिले.”

“मला नाही जमणार, मावशी.”

“काहून नाही जमणार?”

दुष्टपणा नव्हता, दुःखही म्हणता येणार नाही. त्या पोरीकडे बघितलं की मला भिंतीकडे बघितल्यासारखं वाटायचं. मी फळ्याकडे तोंड केलं. मावशी परत गेली.

शेवटी पाळकीणबाईंनी, म्हणजे पाळकसाहेबांच्या पत्नीने, ठरवलं की पोरीला दुपारच्या गाडीने अमरावतीला पाठवायचं. तिथल्या होममध्ये पाजणारी एक बाई होती. मिस एडिथ घेऊन जाणार होती. टांगा दाराशी येऊन उभा राहिला. मावशी मला हळूच म्हणाली, “बडनेऱ्यापावतर बी नाही टिकत हे.” मग पाळकीणबाईंकडे वळून तिने सांगितलं, “बिननावाचं लेकरू मी गाडीत नाही बसू देत. पयले नाव ठेवा.”

आता हे जरा समजावून सांगायला हवं. बाप्तिस्मा चर्चमध्ये व्हायचाच, पण होममधल्या बाया प्रत्येक तान्ह्या मुलाचं आपलं घरगुती बारसंही करायच्या. लुगड्याची झोळी बांधायची. आत्याने वाकून बाळाच्या कानात ‘कुर्र’ करायचं, नाव सांगायचं, आणि तेवढ्यात बाकीच्या बायांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. आमच्या मुलांना आत्या कुठल्या? म्हणून त्या दिवशी जी पाहुणी असेल ती आत्या. त्या दिवशी मिस एडिथ झाली. पाळकीणबाई सहसा काणाडोळा करायच्या. त्यांनी ‘रूथ’ हे नाव ठरवून दिलं आणि मला म्हणाल्या, “तुम्ही हिला इंग्रजीत सांगा सगळं.”

मी सांगितलं. वाकायचं कसं, ‘कुर्र’ कसं करायचं, पाठीत बुक्के बसतील तर घाबरायचं नाही, सगळं सांगितलं. नाव तेवढं सांगितलं नाही. मुद्दाम नाही. तोंड तिथे आलं आणि थांबलं. मला वाटलं मावशी सांगेल. मावशीला इंग्रजी येत नव्हतं हे मला माहीत होतं, तरी मला तसं वाटलं. मी दाराजवळ पाळकीणबाईंशेजारी जाऊन उभी राहिले.

मिस वाकली. बायांनी हसत हसत धपाटे सुरू केले. “जोऱ्यात हान वं, मडम हाय मनून सोडू नोको,” असंही कुणी म्हणालं. मिसने ‘कुर्र’ केलं आणि वाकलेलीच राहिली. बराच वेळ. बायांचे हात आपोआप थांबले. मग ती बाळाच्या कानात काहीतरी बोलली आणि सरळ झाली.

“काय नाव ठेवलं वं आत्यानं?” मावशीने विचारलं.

मिस म्हणाली, “कौतिका.”

स्वच्छ म्हणाली. त्यातला ‘त’ माझ्या आईने म्हटला असता तसा.

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. पाळकीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. “हे कोणी शिकवलं हिला?”

मी इंग्रजीत तेच विचारलं. माझा आवाज मला लांबून येत होता. मिस गोंधळली. ती म्हणाली, “मला नाव कुणी सांगितलंच नव्हतं. काय बोलावं कळेना, म्हणून थांबले. मग तुम्हीच माझ्या कानात सांगितलंत ना?”

“मी इथे दाराशी होते.”

“आवाज तुमचा होता,” ती म्हणाली. “अगदी हळू. तुम्ही रडत होतात, म्हणून मी वर बघितलं नाही.”

मिसचं बोलणं मी मराठीत सांगितलं. पाळकीणबाई सरळ बाई. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, “या माझ्या बाजूला होत्या. हलल्या नाहीत, बोलल्या नाहीत, रडल्या तर मुळीच नाहीत.”

मी झोळीपाशी कशी गेले ते आठवत नाही. चोळी पुढून भिजली होती, तेवढं आठवतं. मी पोरीला उचललं, भिंतीला टेकून बसले, छातीचं कापड सोडलं. तिने जरा तोंड इकडेतिकडे फिरवलं आणि धरलं. मला आनंद झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल. ओढ जाणवली, दुखलं. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा मला दुखलेलं वेळेवर कळलं. मावशीने बाहेर जाऊन टांगा परत पाठवला.

शनिवारी हे आले. मी यांना नावाचं सगळं सांगितलं, अकोल्याच्या खोलीतलंसुद्धा. उपदेशक माणूस, म्हटलं आता बायबलमधलं वचन काढतील. यांनी काही काढलं नाही. पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, “बाप्तिस्म्याला रूथ म्हणू. घरात तू म्हणशील ते.”

मी पुष्कळ डोकं चालवून बघितलं आहे. झोपेत बोलले असेन का? पण मी निजायचे घरी, आणि मिस होमच्या बंगल्यात. कौतिका हे नाव तिने बाजारात ऐकलं असेल का? असेल, वऱ्हाडात हे नाव काही अगदीच नवलाचं नाही. पण ‘ताट’ न येणाऱ्या मुलीला नेमकं तेच, नेमकं तेव्हा आठवावं? माझी मुलगी गेली तेव्हा तर ती बोटीवर होती, हिंदुस्थानचा किनारासुद्धा तिने बघितला नव्हता. आवाज माझा होता, हे ती परत जाईपर्यंत सांगत राहिली. त्यानंतरही ‘त’ काही तिला कधी जमला नाही.

रूथ आज स्वतः आजी झाली आहे. आम्ही तिला घरात कौतिकाच म्हणत आलो. नाव मिसने ठेवलं, एवढंच तिला माहीत आहे. बाकीचं तिला हे वाचून कळेल. माझा तिच्यावर जीव आहे, त्यात तिने शंका घेऊ नये. पण अजूनही हाक मारताना मी क्षणभर थांबते. कौतिका म्हणून मी दोघींतल्या कुणाला बोलावते, ते मला एवढ्या वर्षांत कळलेलं नाही. ओ मात्र हीच देते.